लहान बुटीक हॉटेलात उतरताय? मग कोणती खोली, ते आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघं एका मोठ्या शहरात चार रात्रींसाठी चालले आहेत. पहिले दोन दिवस एकाची परिषद, उरलेला वेळ दोघांनी मिळून शहर पाहायचं. मध्यवस्तीतलं एक बुटीक हॉटेल त्यांच्या मनात भरलंय. जुनी इमारत, जेमतेम पंचवीस खोल्या, फोटो पाहूनच जीव जडावा असे. पण खोली १३ चौरस मीटरची, आणि सोबत दोन मोठ्या बॅगा. 'इतक्या लहान खोलीत चार रात्री धड जातील का? की थोडं लांब, पण ऐसपैस खोलीचं हॉटेल घ्यावं? बुक करण्याआधी हॉटेलला नेमकं काय विचारायचं?'

जातील, आणि चांगल्या जातील. मात्र ते १३ या आकड्यावर ठरणार नाही. त्या पंचवीस खोल्यांपैकी कोणती तुमच्या वाट्याला येते, त्यावर ठरेल. लोक हॉटेल निवडण्यात आठवडा घालवतात आणि खोली नशिबावर सोडून देतात. चारशे खोल्यांच्या हॉटेलात ते खपून जातं, कारण तिथे बहुतेक खोल्या एकाच साच्यातल्या असतात. लहान हॉटेलात दोन शेजारच्या खोल्यांतही जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

मी १९ वर्षं हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसमध्ये काढली, त्यातली बहुतेक वीस ते चाळीस खोल्यांच्या हॉटेलांत. अशाच एका ठिकाणी तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. सगळ्यांत देखणी, जाहिरातीत फोटो तिचाच. तिथे उतरलेले पाहुणे सकाळी खाली यायचे तेव्हा चेहरा ओढलेला असायचा. विचारलं तर म्हणायचे, 'छान आहे खोली, फक्त झोप नीट लागली नाही.' नेमकी तक्रार कुणालाच सांगता येत नव्हती. शेवटी एका रिकाम्या रात्री मीच तिथे झोपले. पहाटे पावणेपाचला भिंतीतून एक गुणगुण सुरू झाली. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा चालू झाला होता, आणि त्याचा पत्र्याचा डक्ट बरोबर पलंगाच्या डोक्यामागून गच्चीवर गेला होता. उभं राहिलं की काही ऐकू येत नसे. उशीवर डोकं टेकलं की कानात घुमायचं.

त्यानंतर मी जिथे जिथे काम केलं, तिथे प्रत्येक खोलीत एक रात्र झोपायचं असं ठरवून टाकलं आणि एक वही ठेवली. २०३: लहान, पण आतल्या चौकाकडे, सगळ्यांत शांत. ४०१: कोपऱ्यातली, दोन खिडक्या, दुपारनंतर तापते. १०२: जिन्याशेजारी, गुडघे दुखणाऱ्यांना सोयीची, हलकी झोप असणाऱ्यांना देऊ नये. अशी वही प्रत्येक लहान हॉटेलात असते. कुठे कागदावर, कुठे रिसेप्शनवरच्या जुन्या माणसाच्या डोक्यात. तुम्हाला काय करायचंय? त्या वहीपर्यंत पोचायचंय. बुकिंगचं बटण दाबून तिथे पोचता येत नाही, बोलावं लागतं.

खोल्या अशा वेगवेगळ्या का, हे समजून घेतलं तर प्रश्न विचारणं सोपं जातं. बुटीक हॉटेल ही कल्पनाच मुळात जुन्या इमारतींतून आली. लंडनमध्ये अनुष्का हेम्पेल यांनी १९७८ मध्ये ब्लेक्स सुरू केलं, सान फ्रान्सिस्कोत बिल किम्प्टन यांनी १९८१ मध्ये बेडफर्ड, आणि न्यूयॉर्कमध्ये इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी १९८४ मध्ये मॉर्गन्स. मोठी साखळी हॉटेलं डिपार्टमेंट स्टोअरसारखी आणि आपलं हॉटेल बुटीकसारखं, ही उपमा रुबेल यांचीच मानली जाते. मॉर्गन्सची अंतर्गत सजावट आंद्रे प्युतमाँ यांची. आहे त्या जुन्या भिंतींच्या आत लहान खोल्या देखण्या करायच्या, हा तिथून पुढे या व्यवसायाचा शिरस्ताच झाला. मध्यवस्तीत मोकळी जमीन नसते, म्हणून कुणाचं जुनं राहतं घर, कुठलं कार्यालय, कुठली वखार घेऊन तिच्यात खोल्या बसवतात. खांब आहे तिथेच राहतो, पाइपांचा शाफ्ट, म्हणजे वरपासून खालपर्यंतची उभी पोकळी, हलवता येत नाही, खिडक्या जुन्याच जागी असतात. मग एका खोलीला कोपरा मिळतो, दुसरीला शाफ्टची भिंत, तिसरीला उतरतं छत.

दुसरी जात आहे आखीव खोल्यांची. किशो कुरोकावा यांनी आखलेलं ओसाकाचं कॅप्सूल हॉटेल १९७९ चं. पुढे २००७ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर योटेल आलं, २००८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या स्किपोलजवळ सिटिझनएम. इथे खोली म्हणजे जहाजाची केबिन. इंच न् इंच विचार करून बसवलेला, सगळ्या खोल्या सारख्या. तुमचं हॉटेल अशा प्रकारचं असतं तर मी फक्त 'वरचा मजला, लिफ्टपासून लांब' एवढंच मागायला सांगितलं असतं. पण तुमची इमारत जुनी आहे, तेव्हा चौकशी बारीक करावी लागेल.

आधी हिशेब करू. १३ चौरस मीटर म्हणजे १४० चौरस फूट, आणि हा आकडा सहसा बाथरूम धरून सांगितलेला असतो. बाथरूमचे ३ गेले, दारातल्या चिंचोळ्या बोळाचा १ गेला. उरले ९. पलंग १६० बाय २०० सेंटिमीटरचा असेल तर तो ३.२ घेतो. कपाट आणि टेबल मिळून १ धरा. वावरायला उरतात पावणेपाच चौरस मीटर. आता मोठी बॅग जमिनीवर उघडून ठेवली की पाऊण ते ०.८ चौरस मीटर अडतो. दोन बॅगा उघडल्या की चालायची एक तृतीयांश जागा संपली. रात्री उठल्यावर पाय अडखळणार तो इथेच.

म्हणून पहिला प्रश्न पलंगाच्या मापाचा, आणि तो सेंटिमीटरमध्ये विचारा. 'डबल' या शब्दावर विसंबू नका. बऱ्याच जुन्या इमारतींमध्ये डबल म्हणजे १४० सेंटिमीटर. दोघांत वाटले तर माणशी ७०, म्हणजे तान्ह्या बाळाच्या खाटेएवढी रुंदी. एक रात्र प्रेमाने निघेल, चार नाही. १६० असेल तर उत्तम. दुसरा प्रश्न, पलंगाला दोन्ही बाजूंनी उतरता येतं का. बऱ्याच लहान खोल्यांत जागा वाचवायला पलंग भिंतीला किंवा खिडकीला टेकवलेला असतो. मग आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री बाहेर यायचं तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं. पहिल्या दिवशी त्याचं हसू येतं, तिसऱ्या रात्री येत नाही. तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही आणि खरं तर तोच तुमची बॅगांची अडचण सोडवतो: पलंगाखाली बॅग जाते का? पायांवर उभा पलंग असेल आणि खाली ३५ सेंटिमीटर मोकळे असतील तर दोन्ही बॅगा खाली जातात आणि खोली अचानक मोठी होते. तळ बंद असलेला पलंग असेल तर एक बॅग रिसेप्शनच्या सामानघरात ठेवता येईल का, ते आधीच विचारून ठेवा. लहान हॉटेलं याला सहसा नाही म्हणत नाहीत.

फोटो बघताना एवढं लक्षात असू द्या. हॉटेलचे फोटो रुंद कोनाच्या लेन्सने काढतात, त्यात खोली लांब होते. फोटोच्या कडेला आलेली उशी किंवा दिवा ताणलेला, लांबट दिसत असेल तर बाकीची जागाही तेवढीच ताणलेली आहे असं समजा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना दिवे आहेत का ते पाहा. एकाच बाजूला असेल तर दुसरीकडे भिंत आहे. आणि कोणती भिंत एकाही फोटोत नाही, ते शोधा. खिडकीचा फोटो आतून आहे, पण खिडकीतून काय दिसतं त्याचा एकही नाही, असं असेल तर बाहेर शाफ्ट किंवा शेजारच्या इमारतीची भिंत असण्याची शक्यता बरीच. पाहुण्यांनी स्वतः मोबाइलवर काढलेले फोटो खराब उजेडातले असतात, पण खरे असतात. अभिप्राय वाचताना पूर्ण गुण देणारे आणि संतापलेले, दोन्ही बाजूला ठेवा. मधले गुण देणारी माणसं खोलीचा क्रमांक, मजला, पंख्याचा आवाज असं ठोस काही सांगतात. गेल्या सहा महिन्यांतले तेवढे वाचा.

आता आवाज. लहान हॉटेलात झोप बिघडली तर दहांत आठ वेळा कारण हेच असतं, हा माझा अनुभव. झोपायच्या खोलीत रात्रभर चालणारा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा आणि अधूनमधून येणारा एखादा आवाज ४५ च्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. मोठ्या शहराच्या मधोमध हे सोपं नाही. त्यात अनोळखी जागी पहिली रात्र तशीही सावध जाते. ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा जास्त जागा असतो आणि बारीक आवाजालाही दाद देतो. परिषद दुसऱ्याच दिवशी असेल तर ही गोष्ट गंभीरपणे घ्या. जमलं तर परिषदेच्या आदल्या दिवशी न पोचता त्याच्या आदल्या दिवशी पोचा.

रस्त्याच्या आवाजाचा धसका सगळेच घेतात, पण दुहेरी काचेची चांगली खिडकी तो बराच अडवते. इमारतीच्या आतला आवाज अडवणं अवघड. लिफ्टची मोटर, हाउसकीपिंगचं भांडार (सकाळी सातला ट्रॉली तिथूनच निघते), बर्फाचं यंत्र, दोन खोल्यांना जोडणारं आतलं दार, पाठीला पाठ लावून असलेली बाथरूम. असं जोडणारं दार असलेल्या खोलीत शेजाऱ्यांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं, तेव्हा तशी खोली नको हे स्पष्ट सांगा. गच्चीवर बार असेल तर सगळ्यांत वरचा मजला मागू नका. तिथल्या संगीताचा ठेका स्लॅबमधून खाली उतरतो, आणि खुर्च्या सरकवल्याचा आवाज संगीत थांबल्यावरही तासभर चालतो. कानात घालायचे फोमचे बोळे बोलणं, हॉर्न, दारं यांसाठी चांगले. पण ठेका आणि मोटरची घरघर यांना ते फारसे पुरत नाहीत, कारण खालच्या पट्टीचे आवाज त्यांच्यातून जास्त झिरपतात आणि पलंगातून, भिंतीतून अंगाला जाणवतात ते वेगळंच. अशा आवाजावर खोली बदलणं हाच उपाय.

मी स्वतः पाहुणी म्हणून जाते तेव्हा मधला मजला, लिफ्टपासून निदान तीन दारं लांब आणि आतल्या चौकाकडची खोली मागते. चौकाकडे देखावा नसतो, हे खरं. पण चार रात्री राहायचं तर देखावा बाहेर पडून बघता येतो, झोप बाहेर मिळत नाही. फक्त विचारून घ्या की चौकात स्वयंपाकघराचा पंखा किंवा एसीची मोठी यंत्रं नाहीत ना.

हवेचा विचार त्याहूनही कमी लोक करतात. झोपलेला माणूस तासाला साधारण दहा-बारा लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. दोन माणसं, नऊ चौरस मीटरची झोपायची जागा, अडीच मीटर उंची, आणि खोली पूर्ण बंद असं धरलं, तर बाहेरच्या हवेतलं ४२० पीपीएमचं (दहा लाख भागांत ४२० भाग) प्रमाण तीन तासांत ३००० च्या वर जातं. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येत-जात असते, त्यामुळे एवढं चढत नाही. तरी सकाळी डोकं जड वाटतं, तोंड कोरडं पडतं, आणि माणूस गादीला दोष देतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तेव्हा विचारा: खिडकी उघडते का, थोडीशी तरी? उघडत नसेल तर ताजी हवा आत सोडण्याची सोय आहे का? बाथरूमचा पंखा सतत चालणारा असेल तर तो रात्री चालूच राहू द्या आणि बाथरूमच्या दाराखालची फट टॉवेलने बुजवू नका. खोलीतली हवा बाहेर जाण्याची वाट तीच असते.

बिनखिडकीच्या खोल्याही असतात, आणि काही वेबसाइटवर ते अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एका रात्रीपुरती, उशिरा पोचून सकाळी निघायचं असेल तर मी तशी खोली घेईन. चार रात्री दोघांनी राहायला घेऊ नये. सकाळ झाली हे कळायला घड्याळ पाहावं लागणं दुसऱ्या दिवसापासून अंगावर येतं.

बाथरूमबद्दल एकच, पण नाजूक प्रश्न. लहान खोली मोठी दिसावी म्हणून सजावटकार बाथरूमला काचेची भिंत देतात. कधी काच धुरकट असते, कधी पूर्ण पारदर्शक, कधी दाराऐवजी सरकती फळी, जी वरून-खालून उघडीच राहते. नवं जोडपं असो की तीस वर्षांचा संसार, संडासाला बंद होणारं दार हवंच. 'बाथरूमला पूर्ण बंद होणारं दार आहे का?' असं सरळ विचारा. आम्हाला हा प्रश्न आठवड्यातून चारदा येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. शॉवरला उंबरठा नसेल तर पाणी खोलीपर्यंत येतं का, हे मात्र पहिल्या आंघोळीतच कळतं. आलं तर लगेच सांगा.

आता या सगळ्याचा उपयोग कधी आणि कसा करायचा, कारण वेळ चुकली तर योग्य प्रश्नही वाया जातो. हॉटेलात कोणत्या पाहुण्याला कोणती खोली, हे बहुधा आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी ठरतं. आम्ही त्याला रूम ब्लॉक करणं म्हणतो. रात्रपाळीचा माणूस उद्या येणाऱ्यांची यादी काढतो, ज्यांनी काही मागणी लिहिली आहे त्यांना आधी खोल्या देतो, आणि उरलेल्या खोल्या उरलेल्यांना. तुम्ही दारात उभं राहून 'शांत खोली द्या हं' म्हणता, तेव्हा शांत खोल्या गेलेल्या असतात. रिसेप्शनवरची मुलगी मनापासून शोधते, पण तिच्या हातात दोनच किल्ल्या उरलेल्या असतात.

म्हणून तीन पायऱ्या. बुक करण्याआधी फोन करून पलंगाचं माप, खिडकी आणि दार विचारा. फोन दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान करू नका, तेव्हा चेक-इनची झुंबड असते. सकाळी साडेअकराच्या सुमाराला किंवा रात्री नऊनंतर माणूस निवांत बोलतो. बुकिंग झाल्यावर लगेच एक छोटा ईमेल लिहा. आणि पोचण्याच्या दोन दिवस आधी त्याच ईमेलवर एक ओळ टाकून आठवण द्या. मजकूर एवढाच पुरे: 'आम्ही दोघं अमुक तारखेला चार रात्रींसाठी येत आहोत, साधारण चार वाजता पोचू. दोघांचीही झोप हलकी आहे, त्यामुळे आतल्या बाजूची, लिफ्टपासून लांबची, शेजारच्या खोलीत उघडणारं दार नसलेली खोली मिळाली तर फार बरं होईल. उंच मजला किंवा देखावा नसला तरी चालेल.' शेवटचं वाक्य मोलाचं आहे. बाकी सगळे देखावा मागत असतात. तुम्ही तो सोडता आहात म्हटल्यावर आमचं काम सोपं होतं, आणि ज्याने काम सोपं केलं त्याच्यासाठी माणूस थोडं जास्तच करतो. दहा मागण्यांची यादी पाठवली तर त्यातली कोणती खरी महत्त्वाची हे कळत नाही. दोन किंवा तीनच लिहा.

बुकिंग कुठून करावं? दर सारखाच असेल तर थेट हॉटेलकडून. बुकिंगच्या वेबसाइट हॉटेलकडून साधारण १५ ते २५ टक्के कमिशन घेतात. थेट आलेल्या पाहुण्याला हॉटेल त्यातलं काहीतरी परत देऊ शकतं: बरी खोली, थोडं उशिरा चेक-आउट. शिवाय लहान हॉटेलात एका खोलीचा पाइप फुटला की पंचवीसपैकी एक खोली गेली, म्हणजे ४ टक्के हॉटेल बंद. त्या दिवशी कुणाला तरी दुसऱ्या हॉटेलात पाठवावं लागतं. कुणाला पाठवायचं हे ठरवताना ज्याच्याशी दोनदा बोलणं झालंय, ज्याचा आवाज ओळखीचा आहे, त्याचं नाव सहसा येत नाही. हे न्याय्य आहे का? नसेल. पण असंच होतं. दर घेताना कर, सेवाशुल्क आणि शहराचा पर्यटन कर त्यात धरला आहे का, तेही विचारा, आणि अनामत म्हणून कार्डावर किती रक्कम अडवून ठेवणार तेही. ती रक्कम सुटायला चेक-आउटनंतर काही दिवस लागू शकतात, म्हणून त्यासाठी डेबिट कार्ड देऊ नका. आपलाच पैसा तेवढे दिवस अडकतो.

लवकर पोचणार असाल तर खोली तयार असेलच असं धरू नका. एक खोली नीट साफ करायला अर्धा ते पाऊण तास लागतो, आणि लहान हॉटेलात सकाळी दोनच माणसं असतात. पण 'आमची खोली आधी साफ करून घेता येईल का?' असं आदल्या दिवशी विचारलं तर क्रम बदलणं शक्य असतं.

खोलीत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं बॅग उघडू नका. ती बाथरूमच्या फरशीवर किंवा सामानाच्या स्टँडवर ठेवा. चादर एका कोपऱ्यातून उचलून गादीची शिवण आणि पलंगाच्या डोक्याकडची फळी यांच्या फटी मोबाइलच्या उजेडात पाहा. काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण समजा आणि खोली बदलून घ्या, तीही लगतची नको. मग एसी, दिवे, पंखा सगळं बंद करून दोन मिनिटं पलंगावर उशीवर डोकं टेकून पडा. उभं राहून ऐकू नका, त्या एक्झॉस्टच्या खोलीने मला हे शिकवलं. फ्लश एकदा चालवा, गरम पाणी किती वेळात येतं ते पाहा. बाहेर बोळात जाऊन बाहेर पडायचा जिना कुठे आहे ते बघा आणि आपल्या दारापासून तिथपर्यंत किती दारं लागतात ती मोजा. आग लागली तर धुरात दिसत नाही, हाताने चाचपडत दारं मोजता येतात. जुन्या इमारतीत जिना एकच असू शकतो, म्हणून हे चुकवू नका. रात्री खोलीची किल्ली उशाशी.

काही खटकलं तर त्याच दहा मिनिटांत खाली या. संध्याकाळी पाचला माझ्याकडे अजून तीन खोल्या असतात. रात्री अकराला एकही नसते आणि हॉटेलात माणूसही एकटाच असतो. सगळ्यांत वाईट म्हणजे चार रात्री सोसून चेक-आउटला सांगणं. तेव्हा मी फक्त दिलगिरी आणि फार तर थोडी सूट देऊ शकते, तुमची झोप परत देऊ शकत नाही. किती पाहुण्यांनी असं जाताना सांगितलं आणि मला किती वाईट वाटलं, त्याची गणती नाही. सांगताना 'खोली खराब आहे' असं म्हणू नका. 'डोक्याकडच्या भिंतीतून मोटरचा आवाज येतोय, जरा वर येऊन ऐकता का?' असं म्हणा. ऐकायला आलेला माणूस खोली बदलूनच खाली जातो. जादा उशी, पांघरूणही रात्री दहाच्या आत मागून घ्या. आणि रिसेप्शनवर कुणी तुमचा खोली क्रमांक मोठ्याने उच्चारला तर दुसरी खोली मागायला हरकत नाही, विशेषतः बाई एकटी उतरली असेल तर. क्रमांक लिहून दाखवायचा असतो, हा आमच्या कामाचा पहिला धडा आहे.

दोघांनी लहान खोलीत राहायची म्हणून एक रीत असते. एका वेळी एकच बॅग उघडी. कपाटात टांगायचे तेवढे कपडे पहिल्याच संध्याकाळी टांगून मोकळं व्हायचं. सकाळी एक आंघोळीला गेला की दुसऱ्याने पलंगावरच थांबायचं, कारण दोघं एकदम उभे राहिले की खोली भरते. ज्याची परिषद आहे त्याने आपले कपडे, कार्ड, चार्जर आदल्या रात्री दाराजवळ काढून ठेवावे. दिव्यांची बटणं उजेड असतानाच समजून घ्या. सगळे दिवे एकाच बटणावर असतील तर रात्री एकाच्या पाणी पिण्याने दुसरा जागा होतो. पडद्यांच्या मधल्या फटीतून उजेड येत असेल तर कपाटातला चिमट्यांचा हँगर काढून त्याने पडदे जोडा. बैठकीची जागा, वाचायचा कोपरा, गच्ची हे तुमच्या दरातच आहे, ते मनसोक्त वापरा. बुटीक हॉटेलवाले खोलीतून काढलेली जागा तिथेच घालतात. मी तर पाहुण्यांना सांगायचे की संध्याकाळी सात ते नऊ खाली बसा, खोलीत फक्त झोपायला जा.

तर मग लांबचं मोठ्या खोलीचं हॉटेल घ्यायचं का? तुमच्या बाबतीत मी घेणार नाही. रोज जाता-येता तास-दीड तास वाचतोय, आणि दुपारी पाय दुखले तर अर्धा तास पडून पुन्हा बाहेर पडता येतं. शहर पाहायला याच्यासारखं सुख नाही. पण बरोबर रांगतं मूल असतं, कुणाला काठी किंवा चाकाची खुर्ची लागत असती, किंवा दिवसभर खोलीतूनच व्हिडिओ कॉलवर काम करायचं असतं, तर मी दुसरंच सांगितलं असतं. जुन्या इमारतींतल्या लिफ्ट अरुंद असतात, काही ठिकाणी ती अर्ध्या मजल्यावर थांबते आणि पुढे पाच पायऱ्या चढाव्या लागतात. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी 'लिफ्ट आहे का?' एवढंच न विचारता 'रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या?' असं विचारावं.

शेवटच्या दिवसाचं राहिलं. चेक-आउट अकरा-बाराला आणि प्रवास रात्रीचा, असं तुमचं होणार असेल तर सामान हॉटेलात ठेवता येतं. दोन्ही बॅगांची पावती घ्या. लहान हॉटेलात सामानघर म्हणजे बहुधा जिन्याखालची जागा, आणि तिथे सगळ्या बॅगा काळ्याच असतात, म्हणून मुठीला एखादी रंगीत फीत बांधा. पासपोर्ट, औषधं आणि परिषदेची कागदपत्रं मात्र खांद्यावरच्या पिशवीत स्वतःजवळ. निघायच्या आधी तोंड धुवायला, कपडे बदलायला जागा आहे का, ते सकाळीच विचारून ठेवा. पुष्कळ ठिकाणी एखादी रिकामी खोली किंवा कर्मचाऱ्यांचं बाथरूम पंधरा मिनिटांसाठी आनंदाने उघडून देतात.